मोठा कुत्रा घरातल्या मांजरांवर धावून जातो: आधी अडसर, मग शिकवणं

म्हादई

जून लागला की कुत्राही आत आणि मांजरंही आत. वर्षभर परसात निभावून गेलेली तेढ मग पडवीत, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते. म्हणून पाऊस बसायच्या आधीच हा धागा काढते आहे. बोलणं मोठ्या कुत्र्यांपुरतं ठेवू: जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन, लॅब्रॅडोर, मुधोळ आणि अंगाने भरलेले गावठी. कारण इथे चुकीला जागा नसते. ३५ किलोच्या कुत्र्याने ४ किलोच्या मांजराला धरून एकदा झटकलं की सगळं संपलं.

आधी हे ओळखा की कुत्रा नेमकं काय करतोय. 'त्याला मांजराचा राग आहे' हे घरोघर ऐकू येतं, पण धावून जाण्यामागे वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

शिकारीची ओढ असेल तर त्यात राग नसतोच. कुत्रा गुरगुरत नाही, भुंकत नाही. तोंड मिटतं, कान पुढे येतात, मान खांद्याच्या रेषेत उतरते, शेपूट स्थिर होतं, पाय एकेक करून उचलला जातो. बघणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, झटका ही एकच साखळी आहे. पहिली कडी जुळली की पुढच्या आपोआप ओढल्या जातात. लोक गुरगुरण्याला घाबरतात आणि या शांतपणाला 'आज बघा कसा शहाण्यासारखा बसलाय' म्हणतात. मला सगळ्यात जास्त भीती याच शांतपणाची वाटते.

राखण असेल तर ओठ वर जातो, गुरगुर येते, अंग भांड्यावर झुकतं. मांजर लांब गेलं की कुत्रा मागे लागत नाही, परत भांड्याकडे किंवा आपल्या जागेकडे येतो. भीती असेल तर कान मागे, वजन मागच्या पायांवर, भुंकत पुढे येतो आणि लगेच मागे सरतो. अशा कुत्र्याच्या नाकावर बहुतेक वेळा आधी कधीतरी नख्या बसलेल्या असतात. खेळायला बोलावणारा कुत्रा पुढचे पाय पसरून मागचा भाग वर करतो, उड्या मारतो, मधेच थांबतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं, पण पंजा ३५ किलोवाल्याचाच असतो.

आणि एक प्रकार आपल्याकडे गोव्यात फार दिसतो: वड्याचं तेल वांग्यावर. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला, पाठोपाठ रस्त्यावरची कुत्री फाटकाशी आली, आपला कुत्रा भुंकून भुंकून पेटला, आणि तेवढ्यात मांजर त्याच्या पायाजवळून गेलं. चावा त्याला बसतो. या कुत्र्याला मांजरांशी काही देणंघेणं नसतं. फाटकाला खालून ३ फूट पत्रा लावून बाहेरचं दिसणं बंद केलं की निम्मं काम होतं.

प्रश्न विचारताना एवढं लिहा: वजन, वय, मांजर दिसल्यावर पहिल्या ५ सेकंदांत कुत्रा काय करतो, हाक मारल्यावर मान वळते का, आणि आजवर त्याच्या तोंडात मांजर आलंय का.

पडवी

जर्मन शेफर्ड, नर, ३ वर्षं, ३४ किलो. मांजरं दोन: ६ वर्षांची भाटी आणि वर्षाचा बोका. घर फोंड्याकडचं, जुनं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), वर नळे (कौलं). भाटीकडे कुत्रा ढुंकून बघत नाही, ती जागची हलतही नाही. बोका पळाला की मागे सुटतो. बोका बसलेला असला तर तोंड मिटून एकटक बघतो, तेव्हा हाक ऐकू येत नाही आणि खाऊही घेत नाही. तोंडात आलेलं नाही. सध्या दोघांच्या मधे फक्त जिन्याखालचं बेबी गेट, दीड हात उंच.

कुळागर

पडवीताई, मिटलेलं तोंड, एकटक नजर आणि खाऊ न घेणं, हे तिन्ही एकत्र म्हणजे शिकारीची ओढ धरूनच चाला. भाटी शाबूत आहे ती पळत नाही म्हणून. तिच्यावरून कुत्र्याची परीक्षा करू नका.

शिकवणं नंतर. आधी घर. पुढचे दोन महिने या दोघांच्या मधे नेहमी दोन अडसर हवेत, कारण एक कधीतरी उघडा राहतोच. मूल दार लोटून जातं, वाऱ्याने पल्ला उघडतो, वीज जाते आणि अंधारात कडी नीट बसत नाही.

दीड हाताचं गेट शेफर्ड उभ्या उभ्या ओलांडतो. १२० सेंटीमीटर उंची लागते. बाजारातली बरीच गेटं ७५ ची असतात आणि स्क्रूच्या दाबावर दोन भिंतींमधे अडकवायची असतात. दाबावर बसवलेलं गेट मोठ्या कुत्र्याच्या पहिल्याच धडकेला सरकतं, चुना लावलेल्या भिंतीवर तर हमखास. ते बिजागऱ्यांवर बसवून घ्या, तेही लाकडी चौकटीत. थेट चिऱ्यात स्क्रू मारायचा असेल तर लांब प्लग घालून घ्या. चिरा भुसभुशीत असतो, आखूड प्लग फिरतो आणि महिनाभराने गेट हातात येतं. गेटाला २५ मिलिमीटर चौकोनाची वेल्डमेश (जोडकाम केलेल्या लोखंडी तारांची) जाळी लावा. डासांची नायलॉन जाळी कुत्र्याच्या नखाला दोन मिनिटं टिकते.

मांजरासाठी गेटात खिडकी ठेवायची असेल तर आधी कुत्र्याच्या डोक्याची रुंदी टेपने मोजा, सगळ्यात रुंद जागी, कानांच्या पुढे. खिडकी त्याहून निदान ३ सेंटीमीटर अरुंद हवी. रुंद डोक्याच्या शेफर्ड, रॉटवायलरला अशी खिडकी चालते. मुधोळसारख्या निमुळत्या डोक्याच्या कुत्र्याला चालत नाही, तो मान घालतो आणि अडकतो. तिथे खिडकी जमिनीवर न ठेवता छातीएवढ्या उंचीवर ठेवा आणि दोन्ही बाजूंना फळी द्या.

आता तुमच्या घराची खास गोष्ट. नळ्यांच्या जुन्या घरात मधल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत. मांजर भिंतीच्या माथ्यावरून अख्खं घर फिरतं. तुम्ही खाली दोन दारं लावून निवांत बसता आणि बोका वरून चालत नेमका कुत्र्याच्या खोलीवर येतो, कुत्रा खालून उड्या मारायला लागतो, बोका बिचकतो आणि आत पडतो. कुत्र्याची खोली निवडताना सीलिंग किंवा वर फळ्यांचा माळा असलेली निवडा. नसेल तर भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामधली फट जाळीने बंद करा. माळ्याचा बाकी भाग मात्र मांजरांना मोकळा ठेवा, त्यांच्यासाठी त्याहून सुरक्षित जागा घरात नाही. चढायला एकाहून जास्त वाटा हव्यात. एकच असेल तर कुत्रा तिच्या पायथ्याशी ठाण मांडतो.

साळावली

कुळागरभाईंच्या म्हणण्याला जोडून: मांजरांचं खाणं दीड मीटरच्या वर, कुत्र्याचं भांडं संपलं की उचललेलं, आणि मांजरांच्या वाळूचा ट्रे कुत्रा पोचणार नाही अशा जागी. कुत्रे मांजराची विष्ठा आवडीने खातात. ट्रेवर बसलेलं मांजर पाठमोरं आणि अडकलेलं असतं, तिथे एकदा धाड पडली की ते ट्रे सोडतं आणि कपाटामागे घाण करायला लागतं. दोन मांजरांना तीन ट्रे, वेगवेगळ्या खोल्यांत.

मासे कापायच्या वेळेकडेही लक्ष द्या. साधारण अकराच्या सुमाराला मागच्या दारी आतडी, कल्ले, डोकी पडतात, घरची आणि शेजारची मांजरं गोळा होतात, कुत्राही तिथेच. सगळी भुकेलेली, सगळी एका हातभर जागेत. एरवी भांडण नसलेल्या घरातही चावा इथे बसतो. पिशवी उघडायच्या आधी कुत्रा आत, दार बंद, पुढ्यात त्याचं चघळायचं काहीतरी. मासे उरकले, जागा पाण्याने धुतली, की मगच बाहेर.

तिसवाडीकर

मोठ्या कुत्र्याला विजेच्या झटक्याचा पट्टा लावून मांजराकडे बघितल्यावर बटण दाबायचं, असं काही प्रशिक्षक सांगतात. दोन दिवसांत बघणं बंद होतं म्हणतात. कुणाला याची माहिती आहे का? आणि दुसरं, मांजराने एकदा सणसणीत पंजा मारला की कुत्रा शिकतो, हे कितपत खरं?

म्हादई

तिसवाडीकर बाब, दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी जातं.

झटका बसतो तेव्हा कुत्र्याच्या डोळ्यांसमोर मांजर असतं. तुमच्या हातातलं बटण त्याला दिसत नाही. त्याच्या लेखी मांजर जवळ आलं की मान जळते. जिथे नुसती शिकारीची ओढ होती तिथे आता भीती आणि खरा राग मिसळला. बघणं बंद होतं ते वरवर. मान वळवलेला, अंग ताठ झालेला कुत्रा शांत झालेला नसतो. पट्ट्याची बॅटरी उतरली, पट्टा काढला किंवा मांजर अचानक पळालं की दाबून ठेवलेलं सगळं एका झेपेत बाहेर येतं, तेही आधीची कुठलीच खूण न देता. गुरगुरल्यावर मारणं याच कारणाने घातक आहे. गुरगुर ही आपल्याला मिळणारी सूचना आहे, ती मारून घालवली की चावा मुका होतो.

पंजाचं म्हणाल तर भित्रा किंवा खेळकर कुत्रा त्याने मागे सरतो हे खरं. शिकारीची ओढ असलेल्याला नाकावरची नखी ही उलट चेतवणी ठरते. आणि पंजा मारायला मांजराला ज्या अंतरावर यावं लागतं, त्या अंतरावरून कुत्र्याला मान धरायला अर्धा सेकंद पुरतो. शिवाय नखी डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, ती वेगळीच.

खारफुटी

शिकवण्याच्या पायऱ्या कुणी सविस्तर लिहाल का? नेटवर सगळीकडे 'हळूहळू ओळख करून द्या' एवढंच असतं. हळूहळू म्हणजे किती?

म्हादई

सामान आधी. पुढून आणि पाठीवर दोन्हीकडे कडी असलेला हार्नेस (छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा), ६ फुटी कापडी पट्टा, खिडकीच्या गजाला अडकवायला स्टीलची कॅराबिनर कडी, गोणपाट किंवा सतरंजी, आणि उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे. रोज १०० ते १५० ग्रॅम, तेवढं रात्रीच्या जेवणातून वजा. सुकी मासळी नको, मीठ फार असतं. गळपट्ट्याला बांधून शिकवू नका. झेप घेतली की सगळा हिसका नरड्यावर येतो.

पहिला आठवडा मांजर दाखवायचंच नाही. तीन गोष्टी पक्क्या करा. नावाने हाक मारली की २ सेकंदांत मान वळणे. 'इथे' म्हटल्यावर गोणपाटावर जाऊन पडणे आणि २० मिनिटं पडून राहणे. आणि तोंडातलं सोडणे. याच आठवड्यात वास बदलून ठेवा: मांजराच्या अंगावरून फिरवलेला कपडा कुत्र्याच्या भांड्याखाली, कुत्र्याचा कपडा मांजराच्या ताटलीखाली. कुत्रा कपडा हुंगून जेवायला लागला तर ठीक. कपड्यावर तोंड रोवून ताठ झाला तर आणखी आठवडाभर तेच.

मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण. कुत्र्याचं भांडं दारापासून २ मीटर, मांजराचं त्याला सोसेल तिथे. रोज वीतभर पुढे सरकवा. मांजर जेवायचं थांबलं तर तुम्ही जास्त पुढे आलात.

दाखवणं तिसऱ्या आठवड्यापासून, जाळीच्या गेटातून. अंतर ६ मीटर. घरात एवढं सरळ अंतर मिळत नसेल तर पडवी ते अंगण वापरा. कुत्र्याचा हार्नेस पाठीच्या कडीने गजाला बांधलेला, पट्टा इतकाच की पूर्ण ताणला तरी गेट २ मीटर लांब राहील. मांजर पलीकडे, मोकळं, मागे पळायला वाट असलेलं. कुत्र्याने मांजर बघितलं की त्याच क्षणी 'शाब्बास' आणि तुकडा. तो वळायची वाट बघू नका. बघितलं, तुकडा. बघितलं, तुकडा. दर दोन सेकंदांनी एक. मांजर नजरेआड झालं की खाऊ बंद. चार-पाच दिवसांत असं होतं की कुत्रा मांजर बघतो आणि आपणहून तुमच्याकडे मान फिरवतो. ती वळलेली मान ही या सगळ्या खटाटोपातली पहिली खरी कमाई.

एक वेळ ३ ते ५ मिनिटं, दिवसातून दोनदा. सकाळी सात-साडेसातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. दुपारच्या घामट उकाड्यात कुत्रा धापाच टाकत असतो, त्यातून ताण वाचता येत नाही. सलग तीन वेळा नीट झालं तर अर्धा मीटर पुढे. अंतर, मांजराची हालचाल आणि वेळ यातलं एका वेळी एकच वाढवायचं. बसलेलं मांजर २ मीटरवर चाललं म्हणजे पळणारं मांजर चाललं असं नाही. पळणाऱ्यासाठी परत ६ मीटरवर जायचं.

चुकतं कुठे? पट्टा हातात ताणून धरण्यात. ताणलेला पट्टा कुत्र्याला सांगतो की काहीतरी घडणार आहे. तुकडा उशिरा देण्यात, म्हणजे कुत्रा ताठ झाल्यावर. आणि मांजराला कडेवर घेऊन 'बघ, ओळख कर' म्हणण्यात. हे कधीही करू नका. मांजर सुटायला तुमच्या मानेवरून चढतं, कुत्रा तुमच्या छातीवर उडी घेतो, आणि नख्या-दात तुम्हालाच लागतात. खाऊ घेतला नाही तर रागावू नका, लांब जा. तोंडाने खाऊ न घेणं म्हणजे डोकं बंद झालंय.

पडवी

बोका गेटाच्या पलीकडे बसतच नाही, कुत्रा दिसला की धूम ठोकतो. मग दाखवायचं कसं?

साळावली

पडवीताई, बोक्याचीही शिकवणी लागते, ती बहुतेक घरांत राहून जाते. त्याला गेटापासून लांब, खुर्ची-टेबलाच्या उंचीवर बसायची जागा द्या, वर खोका, खोक्याला दोन तोंडं. रोजचं आवडीचं खाणं फक्त तिथेच, कुत्रा नसताना. जागा आवडली की मग कुत्रा ६ मीटरवर आणा, तोही गोणपाटावर पडलेला. गेटाच्या खालच्या भागाला पुठ्ठा लावा, म्हणजे बोका वरून बघतो आणि कुत्र्याला त्याचं पूर्ण अंग दिसत नाही. रोज पुठ्ठा चार बोटं खाली.

त्याच्या नख्यांची टोकं दर दोन-तीन आठवड्यांनी कापा. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, कान चपटे, अंग जमिनीला चिकटलेलं असेल तर त्या दिवशी थांबायचं. मांजराने दोन दिवस पूर्ण खाणं सोडलं तर ते यकृतावर येतं, वाट बघत बसू नका. आणि बोक्यांच्या बाबतीत एक जिवावरची गोष्ट: ताणाखाली त्यांची लघवी तुंबते. ट्रेमधे वारंवार जाऊन बसतोय, कुंथतोय, थेंबभरच येतंय किंवा काहीच येत नाही, असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रात्र काढू नका.

तिसवाडीकर

मुसकं लावून दोघांना एकत्र सोडलं तर लवकर होईल का?

कुळागर

मुसकं लावाच, पण ते पहिल्या प्रत्यक्ष भेटीसाठी आणि अडसर नसलेल्या वेळेसाठी. मुसक्याच्या भरवशावर सोडून देऊ नका. मुसकं घातलेला कुत्रा चावत नाही, पण जबड्याचा ठोसा मारतो, पंजाने दाबतो. एवढ्या वजनाखाली मांजराच्या बरगड्या मोडतात.

मुसकं जाळीचंच, बादलीच्या आकाराचं. आत तोंड उघडून धाप टाकता आली पाहिजे, जीभ बाहेर येऊन पाणी पिता आलं पाहिजे, नाकापुढे बोटभर जागा हवी. तोंड गच्च आवळणारी कापडी पट्टी आपल्या हवेत जीवघेणी आहे. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापेतून बाहेर टाकतो. धाप बंद केली की एप्रिल-मेच्या दमट दुपारी काही मिनिटांत उष्माघात.

सवय लावायला दोन आठवडे लागतात. पहिले तीन-चार दिवस मुसकं म्हणजे नुसतं भांडं: आतल्या बाजूला दही फासा, त्याने आपणहून तोंड घालून चाटायचं. मग चाटत असताना ५ सेकंद धरून ठेवा, मग १५, मग ३०. पट्टा आठव्या-नवव्या दिवसाच्या आधी बांधूच नका. बांधल्यावर लगेच फिरायला न्या, म्हणजे मुसकं आणि फिरणं यांची सांगड बसते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी १५ मिनिटं, पंज्याने न ओरबाडता. ओरबाडत असेल तर दोन दिवस मागे.

आणि मुसकं असो नसो, दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवणं हा उपाय समजू नका. बांधलेला कुत्रा समोरून जाणारी मांजरं दिवसभर नुसती बघतो आणि आतून तापत राहतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात अवाजवी आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं, हे दोन्ही कलम ११ खाली गुन्हे आहेत.

खारफुटी

पायऱ्यांबद्दल आभार. अडसर असूनही अपघात झाला तर काय करायचं ते माझ्याकडून लिहितो, ते आधी माहीत असलेलं बरं.

कुत्र्याने मांजर तोंडात धरलं असेल तर ओढू नका. ओढल्याने दातांत अडकलेलं मांस फाटतं आणि कुत्रा जास्त घट्ट धरतो. तोंडात हात घालू नका, किंचाळू नका. कुत्र्याच्या चेहऱ्यावर बादलीभर पाणी किंवा जाड चादर टाका. तरी सोडत नसेल तर पट्ट्याचा फास करून तो कानांच्या मागे, मानेच्या वरच्या टोकाला बसवा आणि सरळ वर उचलून धरा, मागे नव्हे. पकड सुटली की फास लगेच सैल. दुसऱ्या माणसाने मांजरावर टॉवेल टाकून खोक्यात घ्यायचं. फाटकाजवळ एक पट्टा आणि जुनी चादर कायम टांगून ठेवा, त्या वेळी शोधायला वेळ नसतो.

मांजर चालतंय, रक्त नाही, म्हणून घरी ठेवू नका. वरच्या कातडीला तांदळाएवढं भोक असतं आणि खाली स्नायू सुटलेला, फुप्फुसाभोवती हवा भरलेली असते. पांढऱ्या हिरड्या, उघड्या तोंडाने श्वास, थंड पाय ही धोक्याची चिन्हं. सपाट झोपवून, हलवाहलव न करता न्या. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराला मारायला पुरते. आपल्या भागात रात्री कोणता दवाखाना उघडा असतो ते आजच विचारून दारामागे लिहून ठेवा. पणजीतल्या टोंकच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वेळाही माहीत असू द्या.

मधे पडताना माणसाला चावा किंवा ओरखडा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, कॉफी पूड काही नको. मग बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), किंवा म्हापसा, मडगावची जिल्हा इस्पितळं. लस किती आणि कधी ते तिथे ठरेल. घरच्या जनावरांचं रेबीजचं टोचण चालू असलं तरी दाखवायचंच. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, हात दुसऱ्या दिवशी सुजतो. त्यामुळे जखम छोटी दिसते म्हणून सोडू नका.

म्हादई

खारफुटी, फार मोलाचं लिहिलंत. याला जोडून कुत्र्याच्या तब्येतीबद्दल. आधी सहन करणारा कुत्रा अचानक मांजरावर धावू लागला तर शिकवणीआधी तपासणी. पावसाळ्यात कान आतून सुजतात, शेफर्ड-लॅब्रॅडोरचे खुबे दुखतात, गोचिडतापाने अंग मोडलेलं असतं. दुखणारा कुत्रा जवळ आलेल्याला चावतो.

गोचिडांवरून सर्वात महत्त्वाचं. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, काही पट्ट्यांत आणि धुण्याच्या औषधांत अमिट्राझ. दोन्ही मांजरांना विषारी. मांजर कुत्र्याच्या अंगाला घासलं, त्याच्या गोणपाटावर झोपलं तरी बाधतं. आणि आपण तर त्यांना जवळ आणायच्याच खटपटीत आहोत. मांजरं असलेल्या घरात डॉक्टरांना ते स्पष्ट सांगून दुसरं औषध मागा, बहुतेकदा तोंडाने द्यायची गोळी मिळते. मांजर थरथरायला लागलं, झटके आले, तर भांडी घासायच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुऊन तातडीने दवाखाना.

खच्चीकरणाबद्दल नेहमी विचारतात. त्याने भटकणं आणि नरांमधली मारामारी कमी होते, शिकारीची ओढ कमी होत नाही. घाबरट, सतत चेतलेल्या कुत्र्यांना डॉक्टर कधी फ्लुओक्सेटीनसारखं औषध देतात. त्याचा परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात आणि शिकवणी त्याच्या जोडीने चालूच ठेवावी लागते.

साळावली

गोव्याच्या वर्षात काही दिवस असे येतात की शिकवणी बंद ठेवलेलीच बरी. चवथीचे फटाके, दिवाळीतली नरकासुर जाळायची रात्र, किनारपट्टीकडे वर्षअखेरीचा धिंगाणा, पावसाची पहिली गडगडाटाची संध्याकाळ. कुत्र्याच्या अंगातला ताण उतरायला दोन-तीन दिवस जातात. त्या दिवसांत पाहुणे, उघडी दारं आणि माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या मांडवाखाली) पोरं धावताहेत, त्यात कुत्रा बंद खोलीत, पोकळ रबरी खेळण्यात गोठवलेली पेज देऊन. गेट कितीही चांगलं असो, पाहुणा ते उघडतो. कुलूप लावा.

पावसाची सर आली की मांजर परसातून सुसाट आत येतं. पळत्या अंगाने थेट कुत्र्याच्या समोर. त्याची आत यायची वाट घराच्या दुसऱ्या बाजूने करून द्या, शक्यतो पडवीच्या छपरावरून माळ्यावर.

तिसवाडीकर

आणि जमतच नसेल तर? किती दिवस बघायचं?

कुळागर

आठ ते दहा आठवडे रोज नीट केल्यावरही ६ मीटरवर बसलेल्या मांजरापुढे कुत्रा खाऊ घेत नसेल, तर एकत्र राहणं या जोडीला नाही असं धरा. ज्या कुत्र्याने आधी मांजर मारलंय किंवा तोंडात धरून झटकलंय, त्याच्यासाठी हा प्रयोगही करू नका. त्या घरात पाळीने राहायचं: चार तास कुत्रा मोकळा, मांजरं माळ्यावर, मग उलट. अशी घरं वर्षानुवर्षं सुरळीत चालतात. कुत्र्याला त्यात कमीपणा वाटत नाही, माणसांनाच वाटतो. ती शिस्त घरात पाळली जाणारच नसेल तर मांजराला दुसरं घर शोधावं, आणि ते बोका मरायच्या आधी.

ज्यांचं जमलं त्यांच्यासाठीही: घरात कुणी नसताना दोघांना एकत्र ठेवायचं नाही, कधीच. घरातल्या मांजराला मानणारा कुत्रा अंगणात त्याच मांजरामागे पळू शकतो, शेजारच्या मांजराला तर नक्कीच. दुसरा कुत्रा घरी आणाल तर पहिल्या दिवसापासून सगळं पुन्हा सुरू करा, दोघं मिळून एकट्यापेक्षा लवकर पेटतात. आणि मोठ्या कुत्र्यापुढे मांजराचं पिल्लू आणू नका. पिल्लाची तुटक हालचाल आणि बारीक आवाज दोन्ही शिकारीला हाका मारतात.

पडवी

सगळ्यांचे मनापासून आभार. सुताराला बोलावलंय. आराखडा असा: स्वयंपाकघराच्या चौकटीत १२० सेंटीमीटरचं गेट बिजागऱ्यांवर, वेल्डमेश, डाव्या खालच्या कोपऱ्यात १५ ची खिडकी. कुत्र्याच्या डोक्याची रुंदी टेपने १८ भरली. खोलीला फळ्यांचा माळा आहे. गेटाला दांडीचं हँडल, मधल्या उंचीवर. चालेल?

कुळागर

खिडकी ठीक. दांडीचं हँडल नको. शेफर्ड ते पंजाने खाली दाबायला आठवड्याभरात शिकतो. टॉवर बोल्ट (सरकवायच्या कड्या) लावा, दोन, एक वर आणि एक खाली, दोन्ही कुत्र्याच्या खोलीच्या बाहेरच्या बाजूने. गेट कुत्र्याच्या खोलीत उघडणारं ठेवा, म्हणजे तो आतून धडकला तर पल्ला चौकटीवरच दाबला जाईल आणि जोर बोल्टावर येणार नाही. आणि सुताराला खालची फट मोजायला सांगा. मोठी ठेवलीत तर बोक्याचा पंजा तिथून बाहेर येईल, आणि पलीकडे कुत्रा वाटच बघत असेल.